हसायचं तर उशी धरा

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता कळवळून ओरडले. माझ्या पोटाला या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके होते. पोटाची कातडी आणि चरबी काढून तिचा स्तन केला होता आणि उरलेलं पोट ओढून शिवून टाकलं होतं. सिस्टर धावत आल्या, "काय झालं?" समोरच्या खाटेवरच्या भाजीवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही, हसली ती. नवीन आहे." मग मला म्हणाल्या, "हसायचं तर आधी उशी धरायची पोटाशी. खोकायचं असलं तरी तेच. इथं एवढा एकच नियम."

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बारा वर्षं वस्त्यांमधून बायकांचे गट बांधणारी बाई. 'समूह-कार्य' हा आम्हाला परीक्षेला शंभर मार्कांचा विषय होता. गटातल्या सभासदांनी एकमेकींना आधार कसा द्यावा, यावर मी शिबिरांमधून तासन्‌तास बोलले आहे, तक्ते लावले आहेत, रंगीत कागदावर चिकटवाचिकटवी केली आहे. पण एखाद्या बाईने दुसरीला पहिल्या भेटीत काय द्यावं, तर उशी कुठे धरायची ते सांगावं, हे काही कुठल्या तक्त्यात नव्हतं.

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. वय छत्तीस. गाठी दोन ठिकाणी होत्या, त्यामुळे नुसती गाठ काढून स्तन राखणं जमणार नव्हतं. सर्जन म्हणाले, स्तन काढावा लागेल. मग कागदावरची मान वर करून, "अजून लग्न व्हायचंय ना? मग रिकन्स्ट्रक्शन करून टाकू. अठरा वर्षांची करून देतो तुम्हाला." माझ्याबरोबर आलेला भाऊ हसला. डॉक्टर विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, म्हणून हसला असेल बिचारा. मी हसले नाही. पण 'हो' म्हणाले.

या 'हो'वरून माझं माझ्याशी आणि मैत्रिणींशी बरंच भांडण झालं. माझी एक जुनी मैत्रीण, मोर्च्यांमध्ये माझ्या शेजारी चालणारी, फोनवर गप्प झाली आणि मग म्हणाली, "तू सुद्धा?" तिचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. बाईचं शरीर म्हणजे बघणाऱ्याची मालमत्ता, हे आपणच इतकी वर्षं सांगत आलो. ऑड्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीने १९८० साली 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये लिहिलं ते मी विद्यार्थिदशेतच वाचलं होतं. १९७८ मध्ये तिचा स्तन काढला तेव्हा एक स्वयंसेविका तिच्यासाठी फिक्या गुलाबी रंगाचं, लोकरीने भरलेलं पॅड घेऊन आली. पुढे ते न लावता ती डॉक्टरांकडे गेली, तर तिथली नर्स तिला म्हणाली की असं आल्याने दवाखान्यातल्या इतरांचं मनोधैर्य खचतं. म्हणजे कापली गेली ती बाई, आणि धीर सांभाळायचा इतरांचा! लॉर्डचा तो राग मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

पण लॉर्ड ज्यावर चिडली होती ती सक्ती होती. बाईने काय करायचं ते आधीच ठरवून तिच्या अंगावर चढवण्याची सक्ती. 'लग्न व्हायचंय म्हणून करा' ही तीच सक्ती आणि 'कार्यकर्ती आहेस म्हणून करू नकोस' हीही त्याच घराण्यातली. माझं कारण विचाराल तर फार थोर नव्हतं. सकाळी आंघोळ करताना खाली मान घातली तर दोन्ही बाजू दिसाव्यात, असं मला वाटत होतं. भिवंडीच्या आपांनी हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं. त्यांनीही पुनर्रचना करून घेतली होती. वॉर्डातली एकजण त्यांना म्हणाली, "तुमचं काय, बुरख्यात कोणाला दिसतंय?" आपा म्हणाल्या, "देखनेवाली मैं हूँ ना."

आता लातूरकडच्या काकूंबद्दल सांगते, कारण खरं तर त्यांच्यामुळे मी हे लिहायला बसले.

काकू चौपन्न वर्षांच्या, विधवा, दोन एकर सोयाबीन. शासनाच्या योजनेतून ऑपरेशन झालेलं. छाती सपाट. आमची सगळ्यांची गाठ पडायची ती फिजिओथेरपीच्या खोलीत. तिथे भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. ड्रेन असेपर्यंत खांद्याच्या वर नाही, नंतर रोज थोडं थोडं वर. कुठवर पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. घरात पोरांची उंची मोजतो तशा आमच्या खुणा त्या भिंतीवर होत्या. काकूंची खूण सगळ्यात वर. शेतात हात चालवलेली बाई, आठवड्यात डोक्यापर्यंत गेली.

एकदा माझ्या गाऊनकडे बघत त्या म्हणाल्या, "हे कसं काय केलंय गं माय?" मी सांगितलं. पोटाचं काढून वर लावलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असं बी करतेत व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाई." मी गडबडून काहीतरी बोलले, की वयाप्रमाणे ठरवत असतील, रेडिएशन द्यायचं असेल, वगैरे. असेलही तसं एखादं वैद्यकीय कारण. पण काकूंनी माझं बोलणं मध्येच तोडलं. "इचारलं असतं तर मी नगंच म्हनले असते. एवढी चिरफाड कोन करून घेतंय. पर इचारायचं तर व्हतं का न्हाई?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एकाच रुग्णालयात, एकाच महिन्यात, एका बाईला तिची इच्छा न विचारता 'करून टाकू' म्हटलं गेलं आणि दुसरीला तिची इच्छा न विचारता वगळलं गेलं. हिशोब दोन्हीकडे एकच: या बाईचा स्तन पुढे कोणाच्या उपयोगाचा आहे? माझा असू शकत होता, कारण माझं लग्न 'व्हायचं' होतं. काकूंचा नव्हता, कारण नवरा गेलेला. दोघींच्याही छातीची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर मांडलेली. बायकोचं ऑपरेशन असेल तर नवऱ्याला बाजूला घेऊन 'तुमचं काय म्हणणं' असं विचारतात, हे तर मी या आजाराआधीही रुग्णालयांतून काम करताना कितीदा पाहिलं आहे.

गट चालवणाऱ्यांना माहिती असावी म्हणून थोडक्यात सांगते. पुनर्रचना मुख्यतः दोन प्रकारची. एक, सिलिकॉनची पिशवी घालून. त्यासाठी पुष्कळदा आधी एक्सपांडर नावाचा फुगा कातडीखाली ठेवतात आणि दर काही दिवसांनी त्यात सुईने सलाईनचं पाणी भरून जागा करतात. दुसरी, स्वतःच्याच पोटाचा किंवा पाठीचा भाग घेऊन. भाजीवाल्या मावशींची पाठीची होती. ऑपरेशन स्तन काढतानाच होऊ शकतं किंवा नंतर, अगदी काही वर्षांनीही. यामुळे कॅन्सर उलटण्याचा धोका वाढतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. पण हे काही सुखाचं काम नाही. स्पर्श पूर्वीसारखा परत येत नाही, पुष्कळदा दुसरं-तिसरं छोटं ऑपरेशन लागतं, रेडिएशनने आकार बिघडू शकतो. खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांचा एका दुर्मीळ कॅन्सरशी संबंध आढळल्यामुळे २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीला त्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या. आणि काहीच न करणं हाही पूर्ण, शहाणा पर्याय आहे. ब्रामध्ये घालायचे विणलेले, हलके सुती स्तन मुंबईत बायका विणून फुकट देतात. हे सगळं ऑपरेशनच्या आधी समोर मांडलं, तर बाई ठरवेल. ऑपरेशननंतर फिजिओथेरपीच्या भिंतीपाशी कळून काय उपयोग?

न्यूयॉर्क राज्याने २०१० साली कायदाच केला, की स्तन काढण्यापूर्वी पुनर्रचनेची माहिती बाईला दिलीच पाहिजे. बाईला सांगा, एवढ्यासाठी तिकडेही कायदा करावा लागला! अमेरिकेत १९९८ पासून विम्याचाही कायदा आहे. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये पॉलिसीत काय वगळता येईल त्याचं प्रमाणित कलम घालून दिलं. प्लास्टिक सर्जरी वगळता येते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर नाही. तरी माझे कागद विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' असा शेरा मारून परत पाठवले. मी खाटेवर रडत बसले होते. बँकेत काम करणारी आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी, अठ्ठावीस वर्षांची, एका हाताला ड्रेनची बाटली आणि दुसऱ्या हातात माझी पॉलिसी घेऊन बसली आणि तिने ते कलम शोधून काढलं. मग फोन लावून त्या माणसाला ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. दावा मंजूर झाला. समुपदेशनाच्या पुस्तकात याला काय नाव आहे मला माहीत नाही. मला एवढं कळलं की त्या दुपारी माझ्या पाठीवरून कोणी हात फिरवला नाही, आणि त्याची गरजही वाटली नाही.

आता हसण्याकडे येते.

आम्हाला प्रत्येकीला दोन-तीन ड्रेन होते. जखमेतलं पाणी नळीतून बाटलीत येतं, ते रोज मोजून लिहायचं, आणि दिवसाचं साधारण तीस मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. मावशी चाळीस वर्षं दादरला भाजी विकणाऱ्या. त्या सकाळी उठल्या की पुकारा, "बोला, आज काय भाव? तुझं साठ? महाग आहेस बाई. आपाचं चाळीस. माझं अठ्ठावीस, माल संपला, पाटी उचला!" मी माझ्या बाटल्या माझ्या शबनम पिशवीत घालून वाकून वाकून चालत असे, कारण पोट ताणायचं नव्हतं. पंचवीस वर्षांची मोर्च्यांची परंपरा असलेली ती पिशवी! मावशी म्हणाल्या, "पत्रकं वाटायला निघालात का ताई?" उशी, उशी!

सुरुवातीला दर तासाला सिस्टर येऊन एक यंत्र नव्या स्तनावर टेकवत. रक्त वाहतंय की नाही त्याचा आवाज ऐकायचा. फुसफुस असा आवाज आला की सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू. बँकवाली त्याला 'आकाशवाणी' म्हणायची. रात्री अडीच वाजता अंधारात तिचा आवाज यायचा, "ताई, स्टेशन लागलं का?" आणि मी अंधारातच सांगायची, लागलं.

मुंबईतल्या बायका, त्यामुळे पुनर्रचनेचा 'पुनर्विकास' व्हायला वेळ लागला नाही. जुनी चाळ पाडली, नव्या बिल्डिंगचा ताबा कधी? बँकवालीच्या फुग्यात पाणी भरायचं होतं, म्हणून तिचा बिल्डर टप्प्याटप्प्याने काम करणारा. आपांचे टाके एका ठिकाणी उसवले तेव्हा 'गळती लागली'. काकू ऐकत बसल्या होत्या. त्या मुंबईच्या नव्हेत, पण प्लॉट त्यांना कळत होता. म्हणाल्या, "माझा आपला मोकळा पलाट. वारं खेळतंय." आम्ही सगळ्या उशा घेऊन वाकल्या, आणि काकूंना उशीची गरज नव्हती म्हणून त्या एकट्याच खदखदून, पोट धरून हसल्या.

मावशींचा डिस्चार्ज ठरला त्या संध्याकाळी त्यांच्याकडून उखाणा घ्यायचा हट्ट झाला. नवऱ्याचं नाव त्या घेईनात. म्हणाल्या, त्याने इथे तोंड दाखवलंय का? मग घेतला तो असा:

"दादरच्या बाजारात भाजीची पाटी,
ड्रेनबाईंचं नाव घेते डिस्चार्जसाठी."

यात काय आहे, असं बाहेरच्याला वाटेल. बरोबर आहे. आणि नेमकी तीच गोष्ट मला म्हणायची आहे. 'अठरा वर्षांची करून देतो' हाही विनोदच होता. 'बरं झालं, फुकटात पोट कमी झालं' असं माझी एक नातेवाईक भेटायला येऊन म्हणाली, तोही विनोद. दोन्ही वेळा मला वाटलं की उठून बाहेर जावं, पण उठता येत नव्हतं. आणि 'बटाटेवड्यांचं सार्थक झालं गं तुझ्या' हे मावशी म्हणाल्या तेव्हा मात्र मी उशी शोधली. शब्दांत फरक कितीसा? फरक इतकाच की मावशींच्या पाठीवर माझ्यासारखीच वीतभर चीर होती. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत, मंगळागौरीच्या खेळांत सासू-नवऱ्याची जी खिल्ली उडते ती बायका-बायकांत उडते. तीच ओवी सासऱ्याने म्हटली तर ती ओवी राहत नाही.

म्हणूनच 'पॉझिटिव्ह राहा' या उपदेशाशी या हसण्याची गल्लत करू नका. गुलाबी फीत लावून आम्ही सतत लढवय्या, हसतमुख असावं अशी आता एक नवी अपेक्षा आली आहे. बार्बरा एहरनराइखने स्वतःच्या आजारपणानंतर २००१ सालीच या लादलेल्या आनंदीपणाची चांगली खरडपट्टी काढली होती. आमच्या वॉर्डात रडायला पूर्ण परवानगी होती. आपांचा रिपोर्ट आला तेव्हा काखेतल्या बऱ्याच गाठींत आजार निघाला. त्या दिवशी सकाळी मावशींनी भाव पुकारला नाही. कोणी ठरवलं नव्हतं. बँकवालीने आपांची वेणी घातली, म्हणजे तिने एका हाताने केस धरले आणि मी माझ्या चांगल्या हाताने पेड टाकले, वेणी भयंकर झाली. दोन दिवसांनी आपांनीच विचारलं, "आज भाव क्या है?" तोवर आम्ही गप्प होतो.

मी प्रशिक्षित आहे, म्हणून हे कबूल करायला जड जातं: माझ्या प्रशिक्षणाने मला ती शांतता सांभाळायला शिकवलं नव्हतं. मला काहीतरी बोलायची, 'भावना व्यक्त करायला मदत' करायची घाई झाली होती. मावशींनी डोळ्यांनी गप्प केलं.

समाजसेविका नकोत असं मी म्हणत नाही, माझंच पोट त्यावर आहे. पण रुग्णालयांनी आम्हाला नेमावं आणि बायकांच्या गप्पांना 'गर्दी करू नका' म्हणून उठवावं, हे उलटं आहे. टेरीस लॅसर या अमेरिकन बाईने १९५२ साली, स्वतःचा स्तन काढल्यावर, 'रीच टू रिकव्हरी' नावाने अशा भेटी सुरू केल्या. एकीने दुसरीच्या खाटेपाशी जायचं, हाताचा व्यायाम दाखवायचा. लॉर्डला आलेली गुलाबी पॅडवाली स्वयंसेविका याच कामातली. म्हणजे बाईने बाईला भेटणं पुरेसं नाही, हेही त्यातून दिसतं. पिशवीत उत्तर आधीच भरून आणलं असेल तर भेटणारी बाईसुद्धा डॉक्टरचाच निरोप पोचवते. म्हणून आमचा आग्रह असा, की एकीने जाऊ नये, दोघी-तिघींनी जावं. एक पोटाची, एक पिशवीची, एक काकूंसारखी. आणि जावं ते ऑपरेशनच्या आधी.

हे आम्ही लिहून रुग्णालयाला दिलं. मागण्या दोनच. स्तन काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईला, वय, लग्न, योजना काहीही असो, तिच्या भाषेत सर्व पर्याय सांगावेत, आणि सांगितल्याची नोंद तिच्या केसपेपरवर तिच्या सहीने व्हावी, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नव्हे. आणि बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून एक दुपार आम्हाला एक बाक द्यावा. पहिल्या वेळी उत्तर आलं की 'अप्रशिक्षित व्यक्तींमुळे रुग्णांमध्ये गैरसमज पसरण्याची शक्यता आहे.' मी त्या पत्राखाली माझी पदवी लिहिली होती, ती बहुधा कोणी वाचली नाही. दुसऱ्या वेळी बाक मिळाला, तोंडी. सहीचं अजून अडलेलं आहे.

त्या बाकावर आम्ही दर मंगळवारी बसतो. मावशी दुकान भाचीकडे टाकून येतात, आपांचे उपचार संपले की त्याही येतात. सहीच्या मागणीसाठी पुढच्या महिन्यात अधीक्षकांना पुन्हा भेटायचं आहे, आणि काकू त्यासाठी रात्रीच्या गाडीने लातूरहून येणार आहेत. 'इचारायचं तर व्हतं' हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिथे सांगायचं, असं ठरलं आहे. तुमच्या गटांपैकी ज्यांना येता येईल त्यांनी जरूर या. येताना दोन-चार जास्तीच्या उशा आणा. बाहेर ताटकळत ठेवतात, आणि तिथली बाकडी लाकडी आहेत.